गुणाजीच्या शेतातला लेख

राघोपंत मास्तर माजिवड्याच्या सरकारी शाळेवर आले ते १८८१ सालच्या उन्हाळ्यात. घर कल्याणचं, वय सव्वीस, शिक्षण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरे. गावची पोरं ओसरीवर बसत आणि महारवाड्यातली चार मुलं खाली अंगणात, उन्हात. त्यांच्या पाट्या मास्तर हातात घेत नसत. वरूनच वाकून बघत आणि चूक सांगत. पुण्यात सुधारकांची भाषणं ऐकून आलेल्या माणसाला हे टोचत होतं, पण गाव नवं होतं आणि नोकरीही नवी होती.

गोष्टी मात्र ते भरपूर सांगत. मिसर देशातल्या लेखनिकांच्या, ग्रीक पंडितांच्या, जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणाऱ्या गार्गीच्या. एकदा अंगणातून गुणाजी महाराच्या थोरल्या मुलीनं विचारलं, "मास्तर, तिला आत बसू दिलं?"

"दिलं," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवशीची गोष्ट त्यांनी अर्ध्यावरच सोडली.

पावसाच्या तोंडावर गुणाजी आपल्या वतनाच्या तुकड्यात बांध नीट करत होता, तेव्हा पहार दगडावर वाजली. छातीइतका उंच दगड निघाला. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरांच्या अकरा ओळी, खाली गाढवाचं चित्र. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण असा दगड म्हणजे शाप, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. गुणाजीच्या बायकोनं, हौसाबाईनं, त्यावर माती लोटली. "झाका त्याला," ती म्हणाली. "आपल्या घरात पोरं हाईत."

गुणाजीनं झाकला नाही. तो मास्तरांकडे आला आणि ओसरीपासून दहा पावलांवर उभा राहून म्हणाला, "आमच्या जमिनीत काय लिवलंय, ते आमाला कळाया पायजे."

मास्तर आठ दिवस त्या दगडापुढे बसले. अक्षरं बाळबोधच होती, पण जुन्या वळणाची. कागद लावून त्यावर कोळसा घासला, एकेक ओळ सोडवली. कुण्या राजानं हे शेत विद्येसाठी दिलं होतं. त्याच्या धान्यावर विद्यार्थ्यांनी जेवावं, शिकावं. जो हे मोडील त्याला शाप. 'विद्यार्थी' या शब्दाच्या आधी आणखी एक शब्द होता. तो झिजलेला नव्हता, फुटलेला नव्हता. तो शब्द होता 'ब्राह्मण'.

नवव्या दिवशी महिपत पाटलानं गाव शेतावर जमवलं. महिपत साठीचा, धिप्पाड. त्याच्या शब्दाबाहेर गावात काही होत नसे. "वाचा मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी कागद उघडला. लांब, बांधाच्या पलीकडे, गुणाजी आणि महारवाड्यातली माणसं उभी होती, मुलं कडेवर घेऊन. मास्तरांनी काही ठरवलेलं नव्हतं. पण त्या शब्दाशी आल्यावर त्यांची जीभ वळली.

"इथे जो कोणी शिकायला येईल, मग तो कुठल्याही जातीचा असो, त्याला विद्या द्यावी," त्यांनी वाचलं. "आणि त्याला जो आडवा येईल, त्याचा वंश बुडेल."

महिपत पाटलानं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. मग वाकून दगडाला हात जोडले.

पंधरा दिवसांत शाळा गुणाजीच्या शेतात आली. वर झावळ्या, चहूबाजूंनी कूड. बांबू पाटलानंच पाठवले. पहिल्यांदाच सगळी मुलं एका छपराखाली बसली आणि मास्तरांनी गुणाजीच्या मुलीची पाटी हातात घेऊन तिचा 'ज्ञ' सुधारला. त्या संध्याकाळी त्यांनी कल्याणला बायकोला लांबलचक पत्र लिहिलं. दगडावर काय लिहिलंय, ते मात्र तिला कळवलं नाही.

पण मुलं पोहोचवायला येणारी माणसं कुडाशी थांबत नसत. दगडाकडे पाठ करून, झपझप परत जात. कुणीतरी दगडाला शेंदूर फासला. एक दिवस पाढा चुकला म्हणून एक मुलगा हुंदके देऊ लागला. "दगड मला खाईल," तो म्हणाला. मास्तरांनी त्याला जवळ घेतलं, समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाढा बिनचूक म्हटला, ओठ पांढरे पडलेले असताना. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता.

भाद्रपदात खाडीकडून हिवताप आला. घरोघरी माणसं गोधड्यांखाली कुडकुडत पडली. दोन म्हाताऱ्या गेल्या. गावात एकच कुजबुज चालली: कुणीतरी आडवं आलंय.

मग एका दुपारी शाळा भरलेली असताना महिपत पाटील आला. अनवाणी, हातात पाच वर्षांचा नातू. त्यानं पोराला दगडापुढे ओल्या जमिनीवर ठेवलं आणि मास्तरांच्या पायाशी बसला.

"मी मामलेदाराकडे अर्ज केला होता," तो म्हणाला. "शाळा परत देवळात न्या म्हणून. तुमच्या पाठीमागं केला. त्याचं हे फळ. शाप तुम्ही वाचलात, आता तुम्हीच उतरवा."

पोराचे दात वाजत होते. डोळे वर गेले होते.

"पाटील, हा हिवताप आहे. ठाण्याच्या दवाखान्यात त्यावरचं औषध, कोयनेल, मिळतं. आत्ताच्या आत्ता गाडी जुंपा."

"दगडापासून हलवला तर मरेल तो! सात दिवस इथंच ठेवणार. एकच नातू हाय मला, मास्तर."

मास्तरांनी मुलाच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बाहेर माणसं गोळा झाली होती. गुणाजीही आला होता.

"दगडावर तसं लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"मी खोटं वाचलं. शाप तुम्हांला लागूच नाही. हे शेत फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी दिलं होतं. बाकीचं मी माझ्या मनानं घातलं. पोराला उचला, पाटील. माझं काय करायचं ते मागाहून करा."

महिपत पाटील उठला. मग त्यानं नातवाला उचललं आणि धावत सुटला. गाडीची चाकं ठाण्याच्या वाटेवर वाजेपर्यंत कुणी हललं नाही. त्यानंतर एकेका आईबापानं आपापलं मूल हाताला धरून नेलं.

गुणाजी तेवढा राहिला. "म्हंजी तवाबी आमी बाहेरच होतो," तो म्हणाला.

"हो."

"आन तुमी आमाला सांगितलं, आत होतो म्हणून. माझी हौसा रोज दिवा लावते त्या दगडाला." त्याचा आवाज चढला नाही. "पाटलाला भ्या दाखवलंत, ते समजलं. आमाला कशापायी फसवलंत?"

"माझं चुकलं, गुणाजी. तुमची क्षमा मागतो," मास्तर म्हणाले. आजवर त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

पाटलाचा नातू वाचला. ही बातमी ठाण्याहून आली त्याच दिवशी पाटलाची माणसंही आली. त्यांनी कूड उपटला, झावळ्या पेटवून दिल्या. मास्तरांवर तक्रार गेली आणि त्यांची बदली होणार, हे सगळं गाव बोलू लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर ठरल्या वेळी शेतात गेले. जळक्या बांबूंना अजून धूर होता. थोड्या वेळानं गुणाजी आला, दोन्ही मुलांना घेऊन.

"तुमच्यावर विश्वास ठेवून आणलेली नाय," तो म्हणाला. "पण वाचाया तुमीच शिकवू शकता. हितून पुढं आमच्या जमिनीत काय निघालं, तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाय मला."

मुलगी राख बाजूला सारून बसली. बांधावर पाटलाची चार माणसं काठ्या टेकून उभी होती. त्यातला एक जण खाली उतरू लागला. मास्तरांनी तिकडे एकदा पाहिलं, पाटी मागून घेतली आणि पहिलं अक्षर काढलं.