गिरणीतल्या बाई

“बाईंनी दोन मिनिटं आभार मानावेत, बस,” विभागप्रमुखांनी मला जिन्यातच गाठलं. “फटकळ आहेत, तुम्ही जरा सांभाळून घ्या.”

इर्या वेसाला, आमच्या बाई, माझ्या मागेच उभ्या होत्या, आणि त्यांचे कान अजून शाबूत होते.

बाई पहिल्यांदा तांपेरेच्या सूतगिरणीत आल्या तेव्हा मी तिथे कातणखात्यात होते. विद्यापीठातली बाई आमच्याबरोबर तुटलेलं सूत जोडते, याचं आम्हाला हसू यायचं. तोवर कामगारांवर जे छापून येई, ते मालकाला आणि पाद्र्याला विचारून. बाईंनी आम्हाला विचारलं. पाळी सुटल्यावर सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, घामाने निथळत, फळीवर आमच्याशेजारी बसून. माझी धाकटी बहीण कशाने गेली, हे आई आयुष्यात एकदाच बोलली. बाईंशी.

प्रबंधाच्या जाहीर तपासणीत परीक्षक म्हणाला, “या बायकांच्या कुचाळक्या आहेत, शास्त्र नव्हे.” सगळं सभागृह हसलं. पुढे प्राध्यापकाची जागा निघाली, ती बाईंचाच विद्यार्थी आह्तो लिंडरूस याला मिळाली. बाईंची पद्धत त्याने स्वतःच्या नावाने छापली. तीच पुस्तकं शिकून आणखी प्राध्यापक झाले. बाई निवृत्त होईपर्यंत तासिकांवरच राहिल्या. मला गिरणीतून काढून विद्यापीठात शिकायला बसवलं, तेही त्यांनीच.

मला जिन्यात गाठलं त्या दिवशी विभागाचा वर्धापनदिन होता. आह्तोचे केस आता पांढरेशुभ्र झालेले. कामगारांत राहून अभ्यास करण्याच्या ‘आपल्या’ परंपरेवर तो बराच वेळ बोलला. मग बाईंच्या हातात फुलं देऊन म्हणाला, की इर्या म्हणजे आम्हा सगळ्यांची आईच.

बाई उठल्या. आवाज चढवला नाही.

“आह्तो, मी तुझी आई नाही. मी तुझी शिक्षिका होते. तुझ्या नावावर जे आहे ते मी त्या बायकांकडून शिकले, आणि तू माझ्याकडून. त्या दिवशी याच सभागृहात सगळे हसले, तेव्हा तूही हसलास. आभार कशाचे मानू?”

फुलं खुर्चीवर ठेवून त्या निघाल्या. टाळी एकही पडली नाही. बाहेर त्या कोटाची बटणं न लावताच पायऱ्या उतरल्या. थंडी नाही का वाजत, मी विचारलं.

“राग आलाय,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं गिळला. आता गिळवत नाही.”

बाई वसंतात गेल्या. मृत्युलेखात त्यांना ‘प्राध्यापक लिंडरूस यांच्या दीर्घकाळच्या सहकारी’ म्हटलं होतं. ते वाचून मी पेपर फाडला.

त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून शवपेटी उचलायला विभागाने काळ्या सुटातले सहा पुरुष पाठवले. स्मशानात त्यांच्याआधी गिरणीतल्या म्हाताऱ्या पोचल्या होत्या, मीही त्यांत. पेटी उचलायचे पट्टे आम्ही मनगटांना गुंडाळून घेतले होते. त्या सहांतल्या एकाने नम्रपणे हात पुढे केला. “द्या आमच्याकडे, जड आहे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

पट्टा कुणीच सोडला नाही. वाटेवर बर्फ वितळून चिखल झाला होता. आम्ही सावकाश चालत राहिलो.