वाटेतली सहा

पट्टी ओळीखाली धरून तिनं ते आकडे तिसऱ्यांदा वाचले. चार, चार, पाच, चार, पाच, चार. पुढचे सहा महिनेही तसेच. एकूण बावन्न.

आकडा चांगला होता, आणि तीच पंचाईत होती. बाळं काही वेळापत्रक बघून जन्माला येत नाहीत. एखादा महिना कोरा जातो, एखाद्यात रांग लागते. बारा महिने इतक्या शिस्तीनं जन्मणारी मुलं फक्त कागदावर सापडतात. वर्षाला पन्नासपेक्षा कमी बाळंतपणं झालेली केंद्रं बंद करायची, असा आदेश आला होता. यादी पाच वाजता वर जायची होती. आणि दरीच्या टोकाचं हे केंद्र चालवणारी नर्स तिची सख्खी थोरली बहीण होती.

कचेरीत तिला सगळे पट्टीवाली म्हणत, तिच्या पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही. पट्टीखालून चूक सुटत नाही, असा तिचा लौकिक होता. आज मात्र तिला वाटलं, सुटली असती तर बरं झालं असतं. डोळे मिटून टिक मारली तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिनं सकाळीच बहिणीला फोन लावला होता. "मूळ वही घेऊन ये. लगेच नीघ."

तीन वाजून गेल्यावर ताई आली. बसनं अंग खिळखिळं झालेलं, खांद्यावर कापडी पिशवी. पाणीसुद्धा न पिता तिनं वही टेबलावर ठेवली.

"बघ. तुला तेच हवंय ना?"

तिनं पट्टी लावून पान पान मोजलं. एका महिन्यात एकही नोंद नव्हती, एकात नऊ होत्या. बेरीज आली सेहेचाळीस. पुन्हा मोजली, तरी सेहेचाळीसच.

"ताई, बावन्न कुठून आणलेस?"

"बावन्नच आहेत."

"आणि हे दर महिन्याला चार-पाच?"

"कोरा महिना दिसला की वरून पत्र येतं, महिनाभर काय केलंत म्हणून. मग बेरीज केली आणि सारखी वाटून टाकली. नसती कटकट कोण मागं लावून घेणार?"

"बेरीजच चुकलीय. सहा जास्त आहेत."

ताईनं वही उलटी करून मागचं पान उघडलं. तिथं पेन्सिलीनं सहा ओळी लिहिल्या होत्या: तारीख, आईचं नाव, गाव, बाळाचं वजन.

"ही वाटेत झालेली. गाडीत, रस्त्याच्या कडेला. एक तर पुलावर. माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच."

"मग ती तुझ्या केंद्राची नाहीत. नियम स्पष्ट आहे. जन्म केंद्रात झाला तरच केंद्राचा."

"मोठ्या हॉस्पिटलला विचारलं, ते म्हणाले आमच्याकडे झालं नाही, आमचं नाही. तू म्हणतेस माझंही नाही. मग ती जन्मली तरी कुठं गं?"

"तू खोटा आकडा पाठवलास, ताई."

"आकडा खोटा असेल. मुलं खोटी आहेत का?"

भांडणात ताईपुढे तिचं लहानपणापासून कधी चाललं नव्हतं. तिनं नजर पुन्हा वहीवर नेली, आणि आधी सुटलेलं आता दिसलं. सहापैकी पाच बायका पठारावरच्या दोनच गावांतल्या होत्या.

"या एवढ्या लांबून तुझ्याकडे का येतात?"

"जाणार कुठं? त्यांचं केंद्र तर गेल्या वर्षी बंद झालं."

ते तिला माहीत होतं. अडतीस बाळंतपणं. ती ओळ तिनंच तपासली होती. आकडा अगदी खरा होता, आणि खाली सही करताना तिला समाधान वाटलं होतं. बंद केंद्रातून पुढं आकडेच येत नाहीत, म्हणून यंदाच्या यादीत ती गावं नव्हतीच.

"त्याच्या आधी वाटेत किती व्हायची?"

"कधीतरी एखादं."

शेवटच्या ओळीत वजनाचा रकाना मोकळा होता. तिनं तिथं बोट ठेवलं. "हे लिहायचं राहिलं?"

"राहिलं नाही," ताई म्हणाली. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. "वजन करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

तिनं त्या मोकळ्या रकान्यावरून बोट काढून घेतलं. मग तिनं पेन उचललं, बावन्नवर रेघ मारली आणि शेजारी सेहेचाळीस लिहिले.

ताईनं ते पाहिलं. वही ओढून घेऊन ती उठली.

"बस ना, ताई."

"कशाला? माझं दार बंद झालेलं बघायला?"

"वही लागेल मला. बस."

पाचला दहा मिनिटं असताना ती साहेबांच्या खोलीत गेली, मागोमाग ताई. साहेबांनी यादी चाळली आणि ते शेवटच्या पानावर अडखळले. छापील रकान्यांच्या बाहेर तिनं हातानं एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, 'वाटेत'. सगळ्या ओळी कोऱ्या, फक्त एकीत सहा.

"हे काय? या तुमच्या भगिनी ना? लोक काय म्हणतील, बाई?"

"त्यांचे सेहेचाळीसच धरलेत, साहेब. केंद्र बंद यादीत टाकलंय."

"मग हे सहा कोणाच्या नावावर मांडायचे?"

"गेल्या वर्षीच्या यादीच्या. त्यातली पाच तरी. खाली माझी सही आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वरचा फोन कधीही खणखणला असता. त्यांनी यादी बाजूला सारली नाही, पुढेही केली नाही.

"बाकीच्या ओळी कोऱ्या का?"

"कोणी विचारलंच नाही म्हणून. आपल्या तक्त्यात ते नव्हतंच."

"म्हणजे असतीलच असं नाही."

"नाही. नसतील तर मी शून्य लिहीन."

साहेबांनी फोन तिच्याकडे सरकवला. यादीतल्या पहिल्याच केंद्राचा नंबर तिनं फिरवला आणि स्पीकर लावला. पलीकडे अनोळखी नर्स होती, मागं कुठलंसं बाळ रडत होतं. इकडून तिनं विचारलं, केंद्रात पोचायच्या आधी, वाटेत, वर्षभरात किती जन्म झाले?

पलीकडे खुर्ची सरकली.

"थांबा हां, मॅडम," नर्स म्हणाली. "ती वही मी वेगळी ठेवलीय."