भोंग्याचा कौल

घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दगडी गडग्यावर पोरं, पडवीत बायका, दारच्या आंब्याच्या कलमावर दोन उत्साही तरुण आणि मधोमध पाटावर आत्मारामबुवा. बुवांच्या पुढ्यात केळीचं पान, पानावर नारळ. पण नारळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, पडवीच्या वाशाला ठोकलेल्या लाल भोंग्याकडे लागल्या होत्या.

"सुनेला मोटरीकडे पाठवा," बुवांनी फर्मावलं.

राही उठली. घराला वळसा घालून मागीलदारी गेली आणि भिंतीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण तिने दाबलं. त्याच क्षणी पुढच्या दारी भोंगा असा किंचाळला की कलमावरचा एक तरुण खालच्या फांदीवर आला.

"बोलला गो बोलला!" शेजारच्या तुळसाकाकींनी दोन्ही हात जोडले.

"आता तिला घरात बसवा," बुवा म्हणाले.

राहीने लाल बटण दाबून मोटर बंद केली, घरात जाऊन बसली. भोंगा थोडा वेळ ओरडून गप्प झाला.

"बघितलात? कौल दिला!" बुवा गरजले. "लोक म्हणतात, बारा व्होल्टचा भोंगा. अरे, वर लिहिलंय बारा, आत बसलेत तेहतीस कोटी! ह्या वायरीतून वीज नाही, वाचा वाहते! आंब्याचा राखणदार देव कोपलाय. त्याला ह्या पोरीचा हात सोसत नाही म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खळं एका आवाजात म्हणालं.

राही रत्नागिरीच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवत असे. एखाद्या मुलाने पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर तिने भोपळा देऊन वर पालकांना बोलावून घेतलं असतं. इथे मात्र पालकच हात जोडून पुढच्या रांगेत बसले होते. सासरे श्रीपतीभाऊ आणि सासूबाई हेमाकाकी.

भोंगा त्या घरात आला तो चोरांमुळे. गेल्या हंगामात विहिरीजवळच्या आंब्याच्या खोलीतून कुणीतरी पिकत घातलेला हापूस रातोरात उचलून नेला होता. यंदा भाऊंनी पाडव्याला अलार्म बसवायचा ठरवला. शहरातून संदेश नावाचा अलार्मवाला आला. त्याने घरात पॅनेल लावलं, आंब्याच्या खोलीच्या दाराला सेन्सर लावला आणि दोघांना जोडणाऱ्या केबलचा भाव सांगितला. भाऊ म्हणाले, केबल मी ओढतो, तू शेवटी येऊन जोड.

"ओढा, पण एकसंध ओढा," संदेशने बजावलं होतं. "मधे जोड नको. वर जाळीचं कवच असलेलीच घ्या. आणि मोटरीच्या वायरीबरोबर एका पाइपातून नेऊ नका हां. हातभर लांब ठेवा. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा."

"अरे, वायर ती वायर," भाऊ म्हणाले, पण संदेश स्कूटरवर बसल्यानंतर.

पुढे काय केलं ते भाऊंनी कुणालाच सांगितलं नाही. पॅनेल जोडायला संदेश परत आला तेव्हा दोन्ही टोकांना भिंतीतून बाहेर डोकावणारी वायर तेवढी त्याला दिसली. "ही साधी घेतलीत?" त्याने विचारलं. भाऊ म्हणाले, आत सगळं शास्त्रोक्त आहे.

दुसऱ्या सकाळपासून भोंगा बोंबलायला लागला. दार बंद, कुलूप जागच्या जागी, चोर कुठेच नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. दुपारी मात्र एकदम शहाणा, कारण आंबे काढायला गडी आले की खोली उघडी असे आणि अलार्म बंद. संदेशने येऊन तपासलं तेही दुपारी. दार उघडलं की वाजतो, लावलं की गप्प. यंत्र ठणठणीत होतं.

राहीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाबा, मी मोटर लावली की वाजतो हा. मोटरीची वायर आणि ह्याची वायर जवळ आहेत का?"

भाऊ केवढ्यांदा तरी ओरडले. "मोटर तुझ्या लग्नाच्या आधीपासून चालतेय! तेव्हा कधी काय झालं नाही!"

हे वाक्य तुळसाकाकींनी गडग्यापलीकडून ऐकलं आणि त्यातून त्यांना हवं तेवढंच उचललं. मोटर जुनी, सून नवी. दोन दिवसांत वाडीभर झालं, आणि तिसऱ्या दिवशी कुणी न बोलावता आत्मारामबुवा आले.

बुवांनी भोंग्याचा कौल घेतला तो असा. मग उपाय सांगितला. सुनेने मोटरीला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीही लावायचा नाही, दोष त्याच्यावर चढेल. येत्या रविवारी भोंग्याची शांत करायची. त्यानंतर सुनेने मिरग लागेपर्यंत, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत, संगमेश्वरला माहेरी राहायचं. आणि राखणदाराचा मान म्हणून पहिल्या तोडीच्या दहा पेट्या बुवांच्या घरी पोचवायच्या. राखणदार आंबे बुवांच्याच घरी खातो, हे त्या दिवशी वाडीला नव्याने कळलं.

मोटर बंद पडली ती पडलीच. पाणी तुळसाकाकींच्या टाकीतून नळीने यायला लागलं, आणि भोंगा अर्थातच चिडीचूप.

"बघा," तुळसाकाकी नळी सोडताना म्हणत, "सून घरात बसली, नि भोंग्याचा ब्र नाही. आणखी काय पुरावा हवा?"

राहीला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. सून बंद केली तशी मोटरही बंद केली होती, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. तिचं अनुमान तयार होतं, कारण तयार होतं, फक्त प्रयोगाला दुसरा हात मिळत नव्हता. तिने एकदा तुळसाकाकींना विचारलं, "काकी, एकदाच तुम्ही बटण दाबून बघता का?" काकींनी हात पदराखाली घेतला. "माझ्या हाताला काय झाला म्हणजे गो?"

सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ स्टार्टरकडे बघत राहिल्या आणि "नको गो बाई, उगाच कशाला" म्हणून आत गेल्या. त्या वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या.

मग राहीने मुंबईला नवऱ्याला फोन लावला.

"अगं, मला पटतं तुझं," सलिल म्हणाला. "पण आई म्हणते तर जाऊन ये ना थोडे दिवस. मिरगापर्यंतच तर. वाद कशाला?"

फोन ठेवून राही न्हाणीघरात जाऊन रडली. बुवाचा तिला रागसुद्धा आला नव्हता, तो त्याच्या धंद्याला जागत होता. तिला राग आला तो सलिलचा. पटतं म्हणतो आणि जा म्हणतो! आज एक भोंगा ओरडला म्हणून घरातून जायचं, उद्या मांजर आडवं गेलं म्हणून जायचं. एकदा अपशकुनी ह्या शिक्क्यानिशी घराची पायरी उतरली, की परत चढताना तो कपाळावरच असणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने डोळे पुसले आणि संदेशला फोन केला. रविवारी चांगल्या केबलचं भेंडोळं घेऊन ये म्हणून सांगितलं.

रविवारी शांतीला पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं. आंब्याची खोली कुलूपबंद, अलार्म चालू. "राखणदार जागा पाहिजे," असं बुवांनीच बजावलं होतं. त्यांनी आधी भोंग्यावर पंचामृत ओतायचा बेत सांगितला, तेव्हा संदेश मधे पडला. "अहो, लाइटीचं आहे ते! राखणदार राहील, तुम्ही जाल!" बुवांनी अभिषेक हळदीकुंकवावर निभावला.

मग पाद्यपूजा. हेमाकाकींनी बुवांना मागीलदारी दगडी डोणीपाशी नेलं, मागोमाग सगळा जमाव. डोणीचा तळ दिसत होता. टाकी उघडली, तीही कोरडी. तुळसाकाकींची टाकी सकाळच्या चहापाण्यातच संपली होती.

"मोटर लावा," बुवा सवयीने बोलून गेले.

कुणी हललं नाही. भाऊंची पाठ तेवढ्यात धरली.

"मी लावू?" राहीने विचारलं.

"नको!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

"मग बुवांनीच लावावी," ती शांतपणे म्हणाली. "दोष आम्हाला चढेल, बुवांना कसला चढतोय? बुवांच्या हाताने सगळं शुद्धच होईल!"

"व्हय म्हाराजा!" सकाळपासून तेच म्हणत असलेला जमाव ह्यालाही म्हणून गेला.

बुवा चपापले. "साधूने यंत्राला हात लावू नये."

"तुम्ही मोटरसायकलवरून आलात ना?" संदेशने विचारलं. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

आता माघार घेता येईना. बुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि एका बोटाने हिरवं बटण दाबलं. पुढच्या दारी भोंगा बोंबलला तो अगदी त्याच सुरात, त्याच जोरात.

जमावाने बुवांकडे बघितलं. पण बुवा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "ओळखलं!" त्यांनी हात उंचावले. "राखणदाराने मला ओळखलं! ही आनंदाची हाक!"

"आणि माझ्या वेळची?" राहीने विचारलं.

"ती रागाची."

"आवाज तर एकच आहे."

"तुम्हाला एक. साधकाच्या कानाला फरक कळतो."

"मग आमचा संशय एकदाच फिटू दे," राही म्हणाली. मोटर तिने बंद केली. संदेशने आत जाऊन भोंगा थांबवला, अलार्म पुन्हा चालू केला. "बुवा, तुम्ही विहिरीकडे तोंड करून उभे राहा. इथे कुणीतरी बटण दाबेल. तुम्ही नुसतं ऐकून सांगा, हाक कसली ते."

बुवा जमावाला पाठमोरे झाले. राहीने कुणालाच नाव घेऊन हाक मारली नाही. ती फक्त बाजूला सरली आणि वाट बघू लागली. कुणीच पुढे आलं नसतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

हेमाकाकी पुढे आल्या. त्यांनी बोट हिरव्या बटणावर टेकवलं आणि दाबलं.

भोंगा बोंबलला.

"राग!" बुवा विहिरीकडे तोंड करून ओरडले. "भयंकर राग! हीच ती अवदसा! हिला आजच्या आज घराबाहेर काढा!"

"कुणाला?" हेमाकाकींचा आवाज भोंग्याच्याही वर गेला. "मला? माझ्या घराबाहेर?"

बुवा वळले. स्टार्टरपाशी कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं. मग जे हसू फुटलं त्यात गडग्यावरची पोरं अक्षरशः लोळली.

त्या गलक्यात राहीने स्टार्टरखालच्या पाइपाच्या तोंडाला कोंबलेला फडक्याचा बोळा उपसला. आतून मोटरीची जाड काळी वायर दिसली आणि तिच्या अंगाला अंग लावून, जागोजाग सुतळीने छान बांधलेली, हिरवी-पिवळी बारीक वायर. अधूनमधून चिकटपट्टीचे जोड. एका जोडाशी तर छोटा दिवा अजून लोंबत होता.

"ही तर गणपतीच्या मखराची!" तुळसाकाकींनी ओळखली.

सगळे भाऊंकडे वळले. भाऊ आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "उरली होती," ते पुटपुटले. "वाया कशाला घालवायची म्हटलं. आणि एका पाइपात नीटनेटकी दिसली."

"ऐका," राही म्हणाली, आणि तिचा वर्गातला आवाज लागला. "मोटर सुरू होताना एका झटक्यात खूप वीज ओढते. त्या झटक्याचा धक्का शेजारच्या वायरीला न शिवताच बसतो. शेजारी भांडण झालं की आपली झोप मोडते ना, तसंच. अलार्मच्या वायरीत इवलीशी वीज असते. ती जरा हलली की पॅनेलला वाटतं, दार उघडलं. म्हणून भोंगा. हात कुणाचा, ते त्याला कळतच नाही. बुवांचा, आईंचा, माझा, सगळे सारखे."

"पण मग एवढे दिवस तुझ्याच हाताला कसा वाजला गो?" तुळसाकाकींनी मनापासून विचारलं.

"कारण लग्न झाल्यापासून ह्या घरात मोटर लावणं माझं काम आहे, काकी. दुसऱ्या कुणाचा हात त्या बटणाला लागलाच नाही."

हसू थांबलं. बुवा पाद्यपूजेशिवाय आणि पेट्यांशिवाय कधी निघून गेले ते मोटरसायकलच्या आवाजावरून कळलं.

संध्याकाळपर्यंत संदेशने कवचाची एकसंध केबल वेगळ्या पाइपातून, मोटरीच्या वायरीपासून चांगली लांब नेली. टोकाला थोडी जास्त वायरही सोडली, पुढे कधी लागली तर ओढाताण नको म्हणून. मग राहीने हिरवं बटण दाबलं. डोणीत पाणी कोसळायला लागलं आणि भोंगा गप्प राहिला. संदेशने आंब्याच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा मात्र हवा तसा बोंबलला.

हेमाकाकी डोणीच्या काठावर बसल्या होत्या. "तू पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "मी एकदा बटण दाबून बघितलं असतं तर..."

"हो आई," राही म्हणाली. तिला त्यांची समजूत घालावीशी वाटली नाही. "एकदाच दाबायचं होतं." थोड्या वेळाने ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

घरोघरी अशी कामं असतात, जी एकाच माणसाच्या गळ्यात असतात. त्यात काही बिघडलं की त्या माणसाचा पायगुण काढायला, कौल लावायला कुणी ना कुणी तयारच असतो. त्याला पाटावर बसवण्याआधी एवढंच करा. त्या माणसाला बाजूला घ्या आणि ते काम एकदा स्वतः करून बघा. तरीही तसंच घडलं, तर दोष माणसात नाही, आणि देवातही नाही. मग तो वस्तूत शोधा, तिथे तो सापडतो.

दिवेलागणीला सलिलचा फोन आला. "झाली ना शांत? मग संगमेश्वरला कधी निघतेस?"

"मी कुठेही जात नाही," राही म्हणाली. "तू ये. आणि आलास की सकाळची मोटर तू लावायचीस."