उलटे उभे सेल

आमच्या घरात पेन्सिल सेलांना जी शिस्त आहे ती माणसांना कधी लागली नाही. चार-चार सेलांची एकेक तुकडी. प्रत्येक तुकडीवर लेकीच्या जुन्या नेलपॉलिशचा ठिपका: लाल, चंदेरी, जांभळा, आणि एक रंग असा की लेक त्याचं काहीतरी लांबलचक नाव सांगते आणि आम्ही त्याला विटकरी म्हणतो. एका रंगाचे चौघे एकत्रच कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये जाणार, एकत्र दमणार, एकत्र चार्जरवर पडणार. ताज्या तिघांत एक दमलेला घुसला तर तो बाकीच्यांनाही खाली बसवतो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे वाक्य मी ऐकलं तेव्हा नवी सून होते. मला वाटलं, घरच्यांबद्दलच बोलताहेत.

डब्याचा नियमही ह्यांचाच. भरलेला सेल डोकं वर करून उभा, वापरलेला डोकं खाली करून. म्हणजे सभागृहातले दिवे मालवलेले असोत की मागून गर्दी ढकलत असो, डब्यात वाकून बघावं लागत नाही. अंगठा फिरवायचा. टोक लागलं तो भरलेला, सपाट लागला तो संपलेला.

अर्धांगाचा झटका आला आणि ह्यांचा उजवा हात मांडीवर येऊन बसला, तो अजून उठायला तयार नाही. कॅमेरा माझ्या गळ्यात आला. त्याआधी मी नुसत्या बॅगा सांभाळायची आणि लोकांना "जरा सरका" म्हणायची. फोटो काढायला शिकले ती फोटो बिघडवूनच. सुरुवातीला माझ्या फोटोतली माणसं पिठात लोळून आल्यासारखी पांढरीफटक दिसायची. मग कळलं की फ्लॅश माणसाच्या तोंडावर मारायचा नसतो, छतावर मारायचा असतो, म्हणजे उजेड वरून हलकेच खाली उतरतो. तेही ह्यांनी समजावून सांगितलं नाही. खुर्चीतून डावं बोट छताकडे केलं, एवढंच. पूर्वी हा माणूस एका फोटोवर तासभर बोलायचा. आता बोलणं एकेका शब्दावर आलंय.

फोटोच्या धंद्यात ह्यांचा वाटा उरला तो सेलांचा. दिवस कलला की टेबलावर टॉवेल पसरायचा, म्हणजे सेल घरंगळत नाहीत. डाव्या हाताने एकेक सेल चार्जरमध्ये बसवायचा. हिरवा दिवा लागला की काढायचा, गार होऊ द्यायचा आणि डब्यात उभा करायचा. जे काम माझ्या हातून चहा उकळेपर्यंत उरकलं असतं, त्याला ह्यांची अख्खी संध्याकाळ जायची. तेच बरं होतं. मी कामावरून आले की चपला काढायच्या आत खुर्चीतून प्रश्न यायचा, "पुरले?" मी म्हणायची, "पुरले, उरले." झालं आमचं त्या दिवसाचं बोलणं.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आजारपणात आठ दिवसांसाठी म्हणून आल्या. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. जीभ अशी की समोरचा घायाळ व्हावा, आणि हात असे की ह्यांची उशी कधी सरळ केली ते ह्यांनाही कळत नाही. चार्जरला मात्र टरकून असतात. ते टेबल पुसायचं तर फडकं लांबून फेकल्यासारखं मारतात. त्यात करंट साठवलेला असतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

तर त्या दिवशी एका इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या. समारंभ दुपारचा, तळघरातल्या सभागृहात. आत पाऊल टाकल्या टाकल्या मी वर बघितलं, आता सवयच झालीय. छत काळपट लाकडी फळ्यांचं, खिडकी एकही नाही. म्हणजे वर फेकलेला उजेड त्या फळ्या गिळून बसणार. फ्लॅश सरळ समोर धरावा लागणार, तोही पूर्ण ताकदीने, आणि पूर्ण ताकद लावली की सेल भराभर रिकामे होतात. पण चार तुकड्या जवळ आहेत, मला काय कमी आहे, असं स्वतःला सांगत मी गुडघे चोळले आणि कामाला लागले.

लाल तुकडी लवकरच ढेपाळली. फ्लॅश उडाला की तो पुन्हा भरून घेतो. त्या वेळी आतून एक बारीक शीळ वाजते, ती चढत जाते आणि मग मागचा दिवा लागतो, की झालो तयार. ती शीळ चढेचना. म्हातारं माणूस जिना चढतं तशी, दर पायरीवर थांबत. मी चाचपून चंदेरी तुकडी काढली. चौघांचीही डोकी वर होती, अंगठ्याला चांगली लागली. घातली. तिचंही तेच.

तेवढ्यात मोठ्या सिस्टरना मंचावर बोलावलं. त्यांनी भाषण केलं नाही. नर्सच्या छातीवर घड्याळ टाचलेलं असतं ना, तसं त्यांचं होतं. ते त्यांनी काढलं आणि त्यांच्या जागी येणाऱ्या सिस्टरच्या गणवेशावर लावलं. हे कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मी बटण दाबलं, फ्लॅश उडाला नाही. पुन्हा दाबलं. शीळ मधेच कुठेतरी अडकून बसलेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळा चौकोन आला, आणि त्यात एक पांढरट डाग, तो बहुधा कुणाचा तरी रुमाल.

डबा दाराजवळच्या दिव्याखाली नेऊन उघडला. जांभळ्या तुकडीतले दोघे डोकं वर करून, दोघे डोकं खाली करून. विटकरीचे चौघेही डोकं खाली. एका रंगाचे सेल, आणि ह्यांच्या हातून असे वेगवेगळे उभे? फोटो गेल्याचं मी विसरूनच गेले. नियमाने जी तुकडी संपलेली असायला हवी होती ती विटकरीच मी उचलली आणि घातली. शीळ सरसर चढली. दिवा लागला.

मोठ्या सिस्टरपाशी जाऊन मी विचारलं, ते घड्याळाचं तेवढं पुन्हा कराल का. त्या मागच्या रांगेत बसून बूट सैल करत होत्या. पेशंटकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"नको गं बाई," म्हणाल्या. "आत्ता कुठे छाती हलकी झालीय."

आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही, अजून बरंच काम होतं. पण ती खुर्ची अजून डोळ्यांसमोर आहे.

घरी आले. चपलेचा बंद सुटायच्या आत प्रश्न आला, "पुरले?"

"पुरले," मी म्हणाले. पुढचं 'उरले' म्हणायचं राहून गेलं. हे माझ्याकडे बघत राहिले.

मी काही बोलणार नव्हते. पण कामं घेण्याचं सगळं लेक बघते, आणि तिला इस्पितळातून आधीच फोन येऊन गेला होता: घड्याळाचा फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये आहे आणि फोटोवाल्या बाईंकडेच नाही, असं कसं? पोर वाईट नाही. दमलेल्या आईची बाजू घेऊन बोलत होती. म्हणाली, हे सेल, डबे, ठिपके आता पुरे. एकाच बॅटरीवर चालणारे फ्लॅश मिळतात, मोबाइलसारखे लावून ठेवायचे, किती भरलं ते पडद्यावर दिसतं. मग ह्यांच्याकडे न बघता, आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांचंच चुकलं असणार. त्यांना हे काम देऊ नकोस ना आता, आई."

ह्यांनी डाव्या हाताने चार्जर लांब ढकलला आणि टॉवेलची घडी घालायला घेतली. एका हाताने टॉवेलची घडी होत नाही, एक टोक धरलं की दुसरं निसटतं. तरी घालत राहिले.

"तूच," मला म्हणाले. तूच कर, इथून पुढे.

नवा फ्लॅश हवाच होता, लेक खोटं सांगत नव्हती. पण तो आला की ह्या माणसाने संध्याकाळी करायचं काय, याचं उत्तर कुठल्या पडद्यावर दिसणार नव्हतं.

तेव्हा वन्सं स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या. "बाळ्याला कशाला बोल लावताय? ते मी केलं."

हात पुसत पुसत त्यांनी सांगितलं की सकाळी टेबल आवरायला गेले, डबा उघडाच होता, काही सेल पालथे दिसले, डोळ्यांना बरं दिसेना म्हणून सगळे सरळ उभे करून ठेवले. "आता मला काय माहीत, तुमच्यात डोक्यावर उभं राहायची पद्धत आहे ते."

ह्यांनी टॉवेल टाकला. आणि झटक्यानंतर मी ह्या माणसाचं पहिलंवहिलं सलग वाक्य ऐकलं. जीभ अडखळत होती, शब्द एकमेकांच्या पायांत येत होते, पण वाक्य पुरं झालं.

"ताई, माझ्या डब्याला... कुणी हात लावायचा नाही... किती वेळा सांगितलंय तुला."

"बरं बाबा, चुकलं," वन्सं म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हे शब्द ह्या घराने कधी ऐकले नव्हते. ह्यांनी चार्जर पुन्हा स्वतःकडे ओढला. लेक आत्यावर वैतागली, मग तिला हसूच आलं, आणि ती टॉवेल पसरून द्यायला वाकली.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी होते. सगळे सरळ केले असते, तर विटकरीचे चौघे पालथे कसे राहिले असते? जांभळ्यातले दोघे? वन्संनी डबा उघडूनही बघितला नव्हता, सरळ करणं तर लांबच. ह्यांनीच, टेबलाशी बसून, आधी भरलेले खाली आणि संपलेले वर लावले होते, आणि वर दिसणारे लाल-चंदेरी भरलेलेच समजून चार्ज करायचे राहिले होते. मधेच, जांभळ्यापाशी, काहीतरी बिनसतंय असं वाटून हात थांबला असेल, आणि मग तसंच पुढे गेलं असेल. डॉक्टर म्हणालेच होते, वर-खालीची कधी कधी गल्लत होईल.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेले. वन्सं पातेलं घासत होत्या.

"वन्सं, सगळे सरळ केलेत ना तुम्ही?"

"सगळे."

"विटकरी पण?"

त्यांचा हात थांबला, जेमतेम. पुन्हा चालू झाला. "रंग कोण बघत बसलंय," म्हणाल्या. "पाय शेकायला पाणी तापवलंय, घे. आणि ते डोक्यावर उभं करणं बंद करा आता. धडधाकट माणसाचा गोंधळ उडेल त्यात."

मी पाणी घेतलं. पाय बुडवून बसले आणि पुढे काही विचारलं नाही.

नवा फ्लॅश घ्यायचं ठरलंय, लेकीने निवडूनही ठेवलाय. जुना जोडीला राहणार, कारण एकावर भिस्त ठेवून समारंभाला जायचं वय माझं राहिलेलं नाही. डब्याचा नियम मात्र बदलला. वर-खाली काही नाही. भरलेल्या चौघांना मिळून एक रबरबँड, वापरलेले सुटे. रबरबँड एका हाताने चढत नाही, म्हणून हे चौघांना मुठीत धरतात आणि वन्सं वरून रबर घालतात, तोंड फिरवून, सापाला टोपी घालावी तशा. हे त्यांच्यावर खेकसतात. खेकसताना वाक्यं लांबत चालली आहेत.

आणखी एक ठरलंय. मी निघायच्या आधी प्रत्येक तुकडी घरातच उडवून बघायची. शीळ ऐकायचं काम ह्यांचं. कान अजून शाबूत आहे, माझ्यापेक्षा चांगला.

आज दुपारी पलंगाच्या कडेवर बसले होते, बॅग मांडीवर, कामाला जायच्या आधीच गुडघे कुरकुरत होते. फ्लॅश छताकडे करून उडवला. सगळी खोली क्षणभर पांढरी झाली. वन्संनी डोळे घट्ट मिटलेले, ह्यांनी कान पुढे केलेला. शीळ सुरू झाली, चढली, दिवा लागला. मी उठायला लागले.

"थांब," हे म्हणाले. "दिवा लागला म्हणून लगेच... उठायचं नसतं. आत अजून भरतोय तो."

कान देऊन ऐकलं. खरंच, शीळ अगदी बारीक, अजून वाजत होती. मी परत बसले. वन्संनी डोळे उघडले आणि त्याही माझ्या शेजारी टेकल्या.