किटली गप्प होते तेव्हा

दवाखान्यातली पाळी संपवून नर्स घरी आली, तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडले होते. नजर गेल्यापासून आई घरात चहा तेवढा करायची, आणि तो रोज कोमट, पांचट व्हायचा. किटली जोरात घोंघावली की पाणी उकळलं असं समजून ती गॅस बंद करायची. आज लेकीच्या तोंडून निघून गेलं, "आई, उद्यापासून राहू दे. मीच करीन."

आईने हातातला कप खाली ठेवला. लेकीला चुटपुट लागली. तिने उठून किटली पुन्हा गॅसवर ठेवली.

"ऐक. तळाचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात फटाफट मिटतात, त्याचा हा गोंगाट. सगळं पाणी तापलं की ते न मिटता वर येतात. मग आवाज उतरतो."

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. गोंगाट टिपेला गेला आणि हळूहळू बसला.

"आता?" आईने विचारलं.

"आता."

"पुरती तापली की गप्प होते म्हणजे! तुझे बाबा तापले की घर डोक्यावर घ्यायचे," आई म्हणाली. "बस तू. मी आणते."

कडक, वाफाळता चहा घेऊन ती आली, तर खुर्चीतून नुसतं घोरणं ऐकू येत होतं. तिने चाचपडत कपावर बशी झाकली.