हरिगोलातील जलप्रवास, अर्थात ‘सरी’ शब्दाचा दुसरा अर्थ

सुज्ञ वाचकहो, बेंगळूर नगरीतील दोन बंधू, त्यांची वृद्ध माता आणि एक वीतभर उंचीचा पंचधातूचा विठ्ठल यांच्यासंबंधीची हकीकत येथे सादर करण्यात येत आहे. हिच्यात एक नदी आहे, नदीकाठी पुरातन देवालये आहेत, आणि एक कानडी शब्द आहे. तो शब्द सर्वांच्या रोजच्या बोलण्यातला असूनही ऐन वेळी कुणाला कळला नाही, हे आरंभीच नमूद करणे उचित होय.

हयवदनअण्णा हे चिकपेठेतील जुन्या मराठी घराण्याचे थोरले चिरंजीव. वडिलांच्या पश्चात घरचा विठ्ठल त्यांच्याकडे होता, कारण देव थोरल्याच्या घरी राहावा अशी त्या घराण्याची रीत. परंतु त्यांची आई गोदूबाई हिचे गुडघे माडीचा जिना चढण्यास असमर्थ झाले, आणि धाकटे बंधू त्रिविक्रम तिला हेब्बाळच्या आपल्या नव्या, बिनजिन्याच्या घरी घेऊन गेले. लग्न होऊन आल्या दिवसापासून त्या विठ्ठलाला तिनेच न्हाऊ घातलेले. आता ती रोज सकाळी तुळस खुडी आणि वाहायची कुठे हे न सुचून पाण्याच्या तांब्यात टाकून ठेवी. त्रिविक्रमांनी देव मागितला. अण्णा नाही म्हणाले. तदनंतर दोघा बंधूंत अबोला पडला.

अण्णांची सून स्मिता पुण्याची. ती संगणकाच्या कंपनीत नोकरीस होती, आणि वय छप्पन्न असो की शहाण्णव, रुसवा धरून बसणाऱ्या माणसांविषयी तिला सारखाच कंटाळा होता. तिने एका सहल कंपनीकडे हंपीची तिकिटे काढली आणि कोण कोण येणार हे दोघांपैकी एकालाही सांगितले नाही. बसमध्ये शेजारच्या आसनावर त्रिविक्रमांस पाहताच अण्णांनी जे तोंड खिडकीकडे वळवले, ते हंपी येईपर्यंत तसेच होते.

तुंगभद्रेच्या काठी आल्यावर त्यांना कळले की नौका म्हणजे वेताची, चामडे मढवलेली एक गोल टोपली आहे. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात.

“ब्रोशरमध्ये क्रूझ लिहिलं होतं हो काका,” स्मिता म्हणाली.

“असू दे गं,” त्रिविक्रम म्हणाले. “आमची आई याहून मोठ्या टोपलीत पापड वाळत घालत असे.”

अण्णांना हसू आले होते. ते त्यांनी मिशीत ठेवले आणि टोपलीच्या पार कडेला जाऊन बसले, म्हणजे धाकट्याच्या गुडघ्याला गुडघा लागू नये. गुंडू नावाचा नावाडी वल्हे मारू लागला. हरिगोल सावकाश गिरक्या घेत प्रवाहात आले. काठावरची दगडी देवळे, मंडप, ओवऱ्या एकेक करून समोर येत आणि पाठीमागे जात. मधूनच एखादे शिखर फिरून पुन्हा पुढे येई, आणि माणूस हलला की देऊळ, हे अण्णांना कळेनासे होई.

त्या गरगरण्यात त्रिविक्रमांनी अबोला मोडला. “अण्णा, माझ्यासाठी नको. आईसाठी दे. ती तांब्यात तुळस टाकते, मला बघवत नाही.”

“स्मिता, तुझ्या काकांना सांग,” अण्णा म्हणाले, “देव जागचा हलत नसतो. तो थोरल्याच्याच घरी.”

“सरी, सरी,” गुंडू म्हणाला.

अण्णांचा चेहरा खुलला. बेंगळूरच्या दुकानात आणि रिक्षात उभा जन्म त्यांनी ‘सरी’ म्हणजे ‘बरोबर’ असेच ऐकले होते. “बघ, हा परका माणूससुद्धा सरी म्हणतो.”

“स्वल्प सरीरी, यजमानरे,” गुंडू पुन्हा म्हणाला, या वेळी वल्हे उचलून. अण्णांच्या बाजूची कड पाण्याला टेकली होती आणि त्यांचे धोतर भिजू लागले होते.

“अण्णा, तो बरोबर म्हणत नाही,” त्रिविक्रम म्हणाले. “या मुलखात सरी म्हणजे सरक. तुला सरक म्हणतोय तो.”

स्मिताने पदर तोंडाला लावला. अण्णा सरकले. सरकायला जागा एकच होती, ती धाकट्याच्या शेजारी. गुडघ्याला गुडघा लागला आणि हरिगोल समतोल झाले.

पुढे काठाला उतरून ते विठ्ठलाच्या देवळात गेले. एवढे थोरले देऊळ, दगडी रथ, खांबाखांबावर घोडे आणि सिंह. अण्णा थेट गाभाऱ्यापाशी गेले, चष्मा पुसला आणि आत पाहिले. आत काही नव्हते. देव इथून कधीच निघून गेला, असे लोक सांगतात, हे त्यांनी पूर्वी ऐकले होते; पण ऐकणे निराळे. ज्याच्यासाठी राजांनी डोंगर फोडून घर बांधले, त्याने ते घर सोडले, आणि चिकपेठेतल्या फळीवरून तो हलत नाही, असे आपण नावाड्यासमोर सांगितले. त्यांना लाज वाटली की हलके वाटले, हे त्यांचे त्यांनाही उमगले नसावे.

परतताना ते हरिगोलात आपणहून मधोमध बसले. “रविवारी आणतो,” एवढेच म्हणाले.

“सरी,” त्रिविक्रम म्हणाले. कुठल्या अर्थाने, हे अण्णांनी विचारले नाही.

रविवारी ते हेब्बाळला गेले. गोदूबाई खाटेवर होती, त्रिविक्रम पायथ्याशी. अण्णांच्या हातातले रेशमी गाठोडे तिने लांबूनच ओळखले. धाकट्याच्या पाठीवर बोटे टेकवून म्हणाली, “सर रे स्वल्प. त्याला बसू दे.”

सोमवारी सकाळी अण्णा सवयीने फुले घेऊन देवघरात उभे राहिले. फळीवर देवाच्या बैठकीचा गोल डाग तेवढा होता. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि तिथेच दिवा लावला.

येथे ही कथा पूर्ण झाली. एवढा वेळ जवळ बसून ज्यांनी ती वाचली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
फत्तेसिंग जगताप
कॉटनपेठ, बेंगळूर