खंडेनवमीची कॅसेट

दहावीत गेल्यापासून सृष्टीला शिंगं फुटली, असं तिची आईच म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सगळं शूटिंग तिनं एकटीनं केलं होतं, कापून-जोडून त्याची बावीस मिनिटांची फिल्म केली होती, आणि प्रियदर्शनी बाईंनी भर मंडपात माईकवरून तिचं नाव घेतलं होतं. झालं! त्या दिवसापासून मेढ्यात कुणाचं बारसं असो की साखरपुडा, सृष्टी कॅमेरा गळ्यात अडकवून पुढं. "कोपरं पोटाला लावून धरा. झूम करू नका, दोन पावलं पुढं जा," असं ती बापाच्या वयाच्या माणसांना सांगायची आणि माणसं मुकाट ऐकायची. एवढ्या ठसक्यात कुणी बोललं की ऐकावंच लागतं.

म्हणूनच अंजनाकाकी तिच्याकडं आली.

अंजनाकाकी ही तिची धाकटी चुलती. काकीचा नवरा जयराज पलटणीत होता. लग्नानंतर दीड वर्षात बर्फाच्या कोसळलेल्या कड्याखाली गेला. तेव्हा शिवतेज पोटात होता. तोच शिवतेज आता वीस वर्षांचा होऊन स्वतः भरती झाला होता, आणि ट्रेनिंगवरून फोन करून म्हणाला होता, "आई, हितं समद्यांच्या बापाचं फोन येत्यात. माझ्या बापाचा आवाज कसा हुता गं?"

काकीला सांगता आलं नव्हतं.

"तोंड हाय फोटूत," ट्रंकेचं कुलूप काढत काकी म्हणाली. "पर आवाज इसरले बघ मी. लय आठवून बघितला. न्हाई आला. कुणाला सांगायची बी लाज वाटती." मग तिनं तांबड्या कापडातली लग्नाची कॅसेट बाहेर काढली. "ह्यात हाय त्यांचा आवाज. जेवणाच्या टायमाला माझं नाव घेतलं हुतं त्यांनी, उखाण्यात. एवढा एकच हाय. तुला मोबाईलमधी घालता येतंय न्हवं?"

"हॅ! चुटकीसरशी," सृष्टी म्हणाली आणि चुटकी वाजवूनसुद्धा दाखवली.

मग तिनं कॅसेट हातात घेतली, तर ती आतून खुळखुळली.

सृष्टीनं ती उजेडात धरली. कॅसेटच्या वरच्या दोन खिडक्या काळ्या नव्हत्या. पिवळ्या होत्या, आणि कडेनं लाल. आत तांदळाचा एक दाणा इकडून तिकडं पळत होता.

"काकी, हे काय?"

"काय म्हंजी? पुजा नको व्हय? दर खंडेनवमीला त्यांचा पट्टा, बूट, आन् ही. शिपायाच्या घरात हत्यार पुजत्यात, मग त्यांचा आवाज पुजू नको?" काकीनं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "हितं हळद, हितं कुंकू, वरनं अक्षता. आन् फुलानं पाणी शिपडायचं."

एकवीस वर्षं. सृष्टीनं मनातल्या मनात हिशेब केला, एकवीस वेळा पाणी. पण तोंडानं ती म्हणाली, "होतंय होतंय." शिंगं होती ना!

आणि त्याच शिंगांपायी तिनं एक गोष्ट केली, जी कुणालाच सांगितली नाही. माळ्यावर एकटी बसून, इंटरनेटवरचा एक व्हिडिओ बघून, तिनं कॅसेटच्या खालच्या भोकात पेन खुपसून चाक हलकेच फिरवून बघितलं. नुसतं हलतंय का एवढंच. आतून आवाज आला, चर्रर्र. ओल्या बोटांनी पापड सोडवावा तसा. ती जागच्या जागी थिजली. कॅसेट तांबड्या कापडात गुंडाळली आणि तीन दिवस नीट जेवली नाही.

साताऱ्यातल्या दोन स्टुडिओंनी कॅसेटला हातसुद्धा लावला नाही. "मशीन जाईल आमचं," म्हणाले. तिसऱ्यानं एक नंबर दिला. कुपवाडचे लालासाहेब. दिवसा एमआयडीसीत लेथ चालवतात, पूर्वी लग्नाची शूटिंगं करायचे, अजून दोन व्हीसीआर जिवंत ठेवलेत.

रविवारी दोघी एसटीनं सांगलीला निघाल्या. काकीनं कॅसेट स्टीलच्या डब्यात ठेवली होती आणि डबा मांडीवर. गाडीनं गचका खाल्ला की काकी डबा वर उचलायची, दुधाचं पातेलं उचलावं तसा. सृष्टी खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिला उसाचा एक पाला दिसत नव्हता. कानात नुसतं चर्रर्र.

लालासाहेबांच्या खोलीत टेबलावर ट्यूब, भिंग, ब्रश, एक उघडा व्हीसीआर आणि जुना टीव्ही होता. त्यांनी कॅसेट भिंगाखाली धरली.

"वैनी, पुजा केलीसा?"

"व्हय."

"लय मनापासनं केलीसा." त्यांनी स्क्रू काढले, झाकण उचललं. अक्षतेचा दाणा टेबलावर पडला. आत पिवळा-लाल चिखल वाळून बसला होता. "हिकडं ये गं पोरी. तू शूटिंगवाली न्हवं? सांग बघू, आवाज टेपवर कुठं असतो?"

हे सृष्टीला माहीत नव्हतं.

"चित्र असतं मधल्या रुंद पट्ट्यात. आवाज असतो वरच्या कडंला, नखाएवढा बी न्हाई." त्यांनी ब्रशच्या दांड्यानं टेपची वरची कड दाखवली. ती कड लाल होती. "आन् वैनींनी कुंकू वरनंच लावलं. एकवीस वर्सं, बरूबर आवाजावर."

काकी भिंतीला टेकली.

"आन् हे काय?" लालासाहेबांनी भिंग जवळ नेलं. "हितं तीन बोटं टेप सोलली हाय. ही जखम ताजी हाय. कुणी केलं?"

सृष्टीला वाटलं, म्हणावं साताऱ्यातल्या स्टुडिओवाल्यानं केलं. जिभेच्या टोकावर आलंसुद्धा. पण काकी तिच्याकडं बघत होती, विश्वासानं, आणि ते तिला सहन झालं नाही.

"मी," ती म्हणाली. "पेन घालून फिरवलं. बघायला."

काकीनं डोळे मिटले.

"कुठल्या अंगाला फिरवलंस? डाव्या का उजव्या? नीट आठव. उजवीकडं फिरवलं असशील तर ही सोललेली जागा पंगतीची हाय."

"डा... डावीकडं. डावीकडंच."

"मग लग्नातल्या हळदीची जागा गेली. तेवढ्यावर भागलं," ते म्हणाले. "आन् सांगितलंस ते बरं केलंस. न्हाईतर मी उलटं फिरवून समदंच फाडलं असतं."

मग दोन तास ते दोघं टेपवर वाकून होते. लालासाहेब एकेक वेढा हातानं सोडवायचे, सृष्टी कोरड्या मऊ कापडानं वरची कड पुसायची. जोरात पुसलं तर कुंकवाबरोबर आवाजही निघून जाईल, आणि हळू पुसलं तर कुंकू मशीनमध्ये जाईल. किती जोर म्हणजे बरोबर, हे जगात कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. कापड लाल झालं की तिला वाटायचं, ह्या लालीत जयराजकाकांचं एखादं अक्षर तर निघून आलं नाही? शेवटी त्यांनी टेप दुसऱ्या कॅसेटच्या स्वच्छ डब्यात बसवली.

"आता ऐक. ही एकदाच चालंल. परत न्हाई. मागं घ्यायची न्हाई, थांबवायची न्हाई. तुझं यंत्र तयार हाय?"

"तयार." तिनं व्हीसीआरची वायर लॅपटॉपला जोडली होती.

"टेस्ट घेतलीस?"

"लागत नाही काका. मी नेहमी..."

"घे."

त्यांनी कुणाच्यातरी बारशाची जुनी कॅसेट घातली. एक मिनिट रेकॉर्ड केलं. सृष्टीनं ते परत लावलं. चित्र होतं. आवाजही होता, पण कॅसेटमधला नव्हता. पंख्याचा होता, बाहेरच्या मोटरसायकलचा होता, आणि तिचा स्वतःचा, ठसक्यातला, "हं, चालू!" लॅपटॉप स्वतःच्याच माईकनं ऐकत होता. टेस्ट घेतली नसती तर काकांचा आवाज वायरीतून येऊन वाऱ्यावर गेला असता, आणि तिला घरी गेल्यावर कळलं असतं.

तिनं सेटिंग बदललं. परत टेस्ट. मग परत एकदा. मग लालासाहेबांच्या सांगण्यावरून टीव्हीसमोर तिवईवर आपला कॅमेराही लावला, एक फसलं तर दुसरं असावं म्हणून. शटर पन्नासवर, म्हणजे पडद्यावर काळे पट्टे पळणार नाहीत. फोकस हातानं.

"पंखा बंद," लालासाहेब म्हणाले. "आन् वैनी, कॅमेरा आपलं बी ऐकतोय. रडू आलं तर पदर तोंडात धरा. हुंदका न्हाई पाहिजे."

काकीनं मान हलवली आणि आत्ताच पदराचा बोळा ओठाला लावला.

टेप चालू झाली.

आधी नुसती मुंग्या-मुंग्या. मग मंडप, फाटल्यासारखा. मशीन कण्हत होतं, चाकांना गोंद चिकटावा तसं. पंगत आली. तरणाताठा जयराजकाका ताटावर बसलेला, शेजारी खाली मान घातलेली काकी. चित्रावर पांढऱ्या रेघा वाढत चालल्या. सृष्टीनं लालासाहेबांकडं बघितलं. त्यांचं बोट बंद करायच्या बटणावर होतं आणि कपाळावरून घाम निथळत होता. तिनं दोन्ही हात जोडले, थांबवू नका म्हणून.

चित्र गेलं. पडदा पांढरा झाला आणि त्या पांढऱ्यातून एक माणूस बोलला.

"ए शूटिंगवाल्या, लाईट डोळ्यात मारू नगो की गड्या. आंधळा झालो तर सायब घरी धाडंल." हशा. कुणीतरी, "नाव घ्या, नाव घ्या!" मग तोच माणूस, "पलटणीत डाळरोटी, घरी पुरणपोळी... अंजनाचं नाव घेतो, सुट्टी हाय थोडी."

खाट्! मशीननं टेप गिळली आणि थांबलं. लालासाहेबांनी झाकण उघडलं. आत टेपचा गुंता झाला होता, दोन ठिकाणी तुटलेला. त्यांनी मान हलवली. कॅसेट संपली.

पण लॅपटॉपवर आलं होतं! कॅमेऱ्यातही होतं! सृष्टी उडी मारणारच होती. ती काकीकडं वळली.

काकीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती भेदरल्यासारखी बघत होती.

"सृष्टे," ती म्हणाली, "ह्यो त्यांचा आवाज न्हाई."

"काकी, तेच तर बोलले."

"शब्द त्यांचं हायत. आवाज न्हाई. ह्यो कुणीतरी म्हातारा हाय. जाड, पोट सुटलेला. माझा माणूस न्हवं ह्यो."

लालासाहेबांनी डोकं धरलं. "बरोबर हाय त्यांचं. टेप चिकटत हुती, मशीन हळू ओढत हुतं. हळू ओढलं की आवाज जाड हुतो. लॅपटॉपवर वेग वाढवला तर पातळ हुईल. पर किती वाढवायचा, ते मला कसं कळणार? मी कुठं ऐकलंय त्यांना?"

त्या खोलीत कुणीच ऐकलं नव्हतं. सृष्टीचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता. ऐकलेली तिथं एकच बाई होती, आणि ती विसरली होती.

आणि मग सृष्टीला खरी भीती कळली. ती जो आकडा ठेवेल, तो शिवतेजदादाचा बाप होणार होता. जन्मभर. चुकीचा ठेवला तरी त्याला कधीच कळणार नव्हतं.

"काकी," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात ठसका नव्हता, "डोळे मिट. मी हळूहळू पातळ करते. तू नुसतं ऐक."

दोन टक्के. "न्हाई." चार टक्के. काकीनं मान हलवली. पाच. "आजून." सहा. काही बोलली नाही. सात.

"थांब."

"हा?"

"...थांब जरा. व्हय. न्हाई... कुणास ठाऊक गं पोरी."

सृष्टी उठली आणि लॅपटॉप काकीकडं पाठ करून ठेवला. आकडा दिसणार नाही असा. या वेळी तिनं उलटं केलं: वीस टक्क्यांपासून, जिथं काका शाळकरी पोरासारखा चिरकत होता, तिथून खाली यायला लागली. काकीला न सांगता. पंधरा. "ह्यो कोण आणि?" बारा. "न्हाई." दहा. नऊ. आठ. प्रत्येक वेळी तोच माणूस तेच म्हणत होता, सुट्टी हाय थोडी, आणि लालासाहेब श्वास रोखून सृष्टीच्या पडद्याकडं बघत होते.

"आता," काकी म्हणाली.

सात.

लालासाहेब खुर्चीत मागं टेकले. दोन्ही अंगांनी आकडा तोच आला होता. काकीच्या हातातला पदराचा बोळा सुटला होता. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि तिच्याही नकळत तिचा हात वर गेला होता, पदर डोक्यावर आला होता, चार माणसांत नवरा समोर आल्यावर घ्यावा तसा.

"परत एकदा लाव," ती म्हणाली.

"आधी जपून ठेवते, काकी."

सृष्टीनं सातवर ती फाइल लॅपटॉपमध्ये ठेवली. मग भीती वाटली म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डावर ठेवली. मग लालासाहेबांकडून पेनड्राइव्ह मागून त्याच्यावरही. तिन्ही उघडून, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून, तेव्हा कुठं तिनं काकीसाठी आवाज मोठा केला.